वाटीवरचं नाव

माझी भाची ऋचा संख्याशास्त्र शिकते. माणसांच्या ओळखीपाळखीचं जाळं आकड्यांनी कसं मोजायचं, हा तिचा सध्याचा विषय. त्यासाठी तिने आमच्या सोसायटीत घरोघर विचारलं, "तुमचं कोणाकडे जाणंयेणं असतं?" बहुतेकांचं उत्तर एकच, "हल्ली कोण कोणाकडे जातं?" मीही तेच म्हटलं होतं.

आज सकाळी तिने लॅपटॉपवर चित्र दाखवलं. घर म्हणजे ठिपका, जाणंयेणं म्हणजे रेघ. रेघा अगदी विरळ, आणि आमचा ठिपका कोपऱ्यात एकटाच. मला जरा रागच आला.

चहा करायला ती स्वयंपाकघरात गेली आणि मांडणीपाशीच थबकली. वाटीवर कदमांचं नाव, डब्यावर शिंद्यांचं.

"मावशी, आपली भांडी कुठायत?"

"असतील त्यांच्याकडे."

ती हसतच सुटली. तोंडाने कोणी कबूल न केलेल्या रेघा स्टीलवर कोरलेल्या होत्या. आपण स्वतःला किती एकटे समजतो, आणि आपलं नाव मात्र चार घरांत जेवत असतं.

"पण या रेघांना बाण कुठल्या दिशेने काढू? देणारं कोण, घेणारं कोण?"

भांडं रिकामं परत करायचं नाही, त्यामुळे सुरुवात कोणी केली हे कोणालाच आठवत नाही. मी कदमांच्या वाटीत गाजरहलवा भरला.

"देऊन ये. रिकाम्या हाताने परत आलीस, तर बाण काढ."

ती आली तेव्हा तिच्या हातात एक डबा होता, अजून गरम. त्यावर माझं नाव होतं.