गाळलेली सोंड

आधी तो कप खाली ठेवा. हसताना चहा अंगावर सांडला, तर मला बोलायचं नाही. माणूस शिकून किती वाया जाऊ शकतो, ते सांगतो तुम्हाला!

आमचा हमरापुरात गणपतीचा कारखाना. मी कॉम्प्युटरवर डेटाचा कोर्स केला आणि पीसीए नावाचं भूत मानगुटीवर बसलं. तसं सोपं आहे हो! प्रत्येक मूर्तीची उंची, पोट, कान, पाट सगळं मोजलं. पण उंची वाढली की पोट वाढतं, कानही वाढतात. मग एवढे रकाने हवेत कशाला? सगळ्यांचा मिळून एकच आकडा करायचा, आकाराचा. दुसरा आकडा बैठकीचा: मूर्ती ताठ की लोडाला टेकलेली. ज्यात मूर्तीमूर्तीत फरक पडतो ते ठेवायचं, बाकीचं गाळायचं. झालं पीसीए!

गिऱ्हाइकांच्या ऑर्डरीही मी याच दोन आकड्यांवर जुळवल्या. कॉम्प्युटर नंबर सांगणार, त्या नंबरची मूर्ती द्यायची.

"आन् सोंड रं?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यांची डावीच की! उजवी एखाददुसरी. त्यात फरकच नाय, मग ठेवायची कशाला?"

बाबांनी पुन्हा ब्रश हातात घेतला. मला वाटलं, पटलं!

तेव्हा रोह्याच्या सायलीशी माझं लग्न ठरलेलं. गणपती झाले की साखरपुडा. रोज फोनवर मी तिला पीसीए शिकवायचो. प्रेमाच्या गोष्टी काय, कुणीही बोलतं! सासऱ्यांनी गणपतीही आमच्याकडेच सांगितलेला, नेहमीसारखा डाव्या सोंडेचा. म्हटलं, जावई स्वतः आणणार! चतुर्थीला सकाळी पाटावरचा नंबर बघितला, तोंडावर रुमाल बांधलेली मूर्ती उचलली आणि टेम्पोत बसलो. नागोठणं येईपर्यंत छाती अशी फुगली की ड्रायव्हरला गिअर टाकता येईना.

रोह्याला घर माणसांनी भरलेलं. गुरुजी तयार. सासऱ्यांनी रुमाल सोडला आणि सासूबाई ओरडल्या, "अगो बाय! सोंड उजवी हाय!"

उजव्या सोंडेचा म्हणजे कडक देव! सोवळ्यात जराही कसूर चालत नाही. आणि या घरात तर नैवेद्याआधीच मोदक पळवतात.

"आपल्याच्यानं नाय झेपायचं," सासूबाई रडवेल्या झाल्या.

सासरे माझ्याकडे वळले. "गणपतीवाल्याच्या पोराला सोंड दिसली नाय?"

"तसं नाय, मामा… सोंडेत व्हेरियन्स, म्हंजे फरक, कमी होता…"

सगळं घर माझ्याकडे बघत राहिलं. देव कोपेल याहीपेक्षा सायली हातची जाईल, हीच भीती वाटली.

गुरुजीच मदतीला आले. "प्राणप्रतिष्ठा व्हायचीय अजून. मूर्ती बदलून आणा. पळा!"

तोच टेम्पो उलटा हमरापूरला पळवला. डाव्या सोंडेचा बाप्पा घेऊन परतलो, तर सगळी मंडळी उपाशीपोटी माझी वाट बघत बसलेली. पूजा झाली, आरती झाली. सासऱ्यांनी माझा प्रसादही ड्रायव्हरच्या हाती दिला.

निघताना सायली दारापर्यंत आली. मी घाबरत विचारलं, "मोडलं का गं आपलं?"

"नाय ओ! मी बाबांना तुमचं पीसीए समजावलं. म्हटलं, तुम्हीपण जावई तसाच निवडलात. उंची, धंदा, घर, जमीन, पोरापोरांत फरक पडतो ते सगळं बघितलंत. अक्कल काय, सगळ्यांनाच असते, म्हणून तो रकाना गाळलात!"