शेवटच्या गाडीचा कंदील

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या घरमालक मामांचे, आणि मी छातीठोकपणे सांगतो की पहिल्या नंबराचा एवढा तिटकारा असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. बोर्डात पहिल्या आलेल्या मुलाचा पेढा खातानाचा फोटो पेपरात आला की मामा ते पान उलटं करून त्यावर शेंगा सोलायला बसत. "पहिल्याला बघायला सारी दुनिया हाय. शेवटचा पोचला का, ते कोण इचारतं?" मामा एस.टी.त कंडक्टर होते. गाडीमागं कुणी पळत असलं तर ते घंटी देत नसत. ड्रायव्हर हॉर्न वाजवी, पुढचे प्रवासी कुरकुर करत, मामा आपले मागच्या काचेतून बघत राहत. वैजापूरच्या स्टँडवर एकदा असाच एक मुलगा डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन धावत होता. तो मी. मेंढरं राखणाऱ्या घरातून कॉलेजला निघालेला पहिलाच. औरंगाबाद येईपर्यंत, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, मामांनी माझी सगळी चौकशी केली आणि राहायला जागा नाही हे कळल्यावर आपल्या घरामागची खोली देऊन टाकली. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "पुढच्या टप्प्याला बघू."

हे घर बीड बायपासच्या पलीकडं, जिथं घरं आधी आली आणि नळ अजून यायचे होते अशा वसाहतीत होतं. दुष्काळाची वर्षं. टँकर येई तेव्हा भांडी घेऊन पळायचं, न येई तेव्हा त्याला शिव्या द्यायच्या, हा वसाहतीचा दिनक्रम. अशा दिवसांत, निवृत्त झालेल्या मामांनी टीव्हीवर अलास्कातली कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत पाहिली. बर्फातून हजार मैल, एकेका गाडीला डझनभर कुत्री. मामा खुर्चीत पुढं सरकून बसले ते एका गोष्टीनं: ती शर्यत सुरू झाली की शेवटच्या गावात एक कंदील लावतात, आणि सगळ्यांत मागची गाडी पोचल्याशिवाय तो विझवत नाहीत. विझवायचाही शेवटच्या गाडीवाल्यानंच! "ह्याला म्हणत्यात कारभार," मामा म्हणाले. माळ्यावरचा कंदील खाली आला, काच राखेनं घासली गेली, आणि तेव्हापासून दर मार्चला शर्यत संपेपर्यंत तो आमच्या फाटकावर जळू लागला.

टीव्हीवर शर्यत अर्धा तासच दाखवत. म्हणून मामा मला घेऊन रोज सकाळी क्रांती चौकाजवळच्या इंटरनेट कॅफेत जात. तिथला पोरगा आम्हाला पाहिलं की ओरडे, "आओ चाचा! आज कौनसा कुत्ता आगे है?"

"आगे का नक्को रे. पिच्छेवाले का बता."

वाचायचं काम माझं. गावच्या शाळेतलं माझं इंग्रजी टँकरच्या पाण्यासारखं, येईल तेव्हा येई. पण मामा तिकीट तपासल्यासारखी बातमी तपासत. "नुसतं थांबली म्हंजे? का थांबली? कुत्रं आजारी का हाकणारा आजारी? पुढचं वाच." मग शब्दकोश उघडायचा. कुत्र्यांच्या गाडीला ते गाडीच म्हणत, हाकणाऱ्याला ड्रायव्हर आणि विसाव्याच्या गावांना डेपो. शेजारचे वकीलसाहेब एकदा फाटकाशी थांबून म्हणाले, "अहो, आठ दिवस पाणी नाही आणि तुम्हाला बर्फाची पडलीय?" मामा शांतपणे म्हणाले, "वकीलसाब, बर्फ म्हंजे पाणीच की. आपल्याकडं ते बी बघायलाच मिळतं." मामी मात्र रोज संध्याकाळी कंदिलात रॉकेल ओतताना म्हणत, "लोकांच्या घरात माणसं म्हातारी होत्यात. आमच्यात नुसती येडी होत्यात." ओतत मात्र त्याच.

एका वर्षी मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजीत नापास झालो होतो आणि परीक्षेला परत बसणार होतो. ऐन शर्यतीत बा आला. ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "बास झालं शिक्षण. चारा नाय, पाणी नाय, कळप लांब न्यायचा. मला माणूस पायजे. धाकटीचं लगीन बी उरकायचं हाय यंदा." मी पेटीकडं बघितलं. मामा म्हणाले, "पाव्हणं, आधी हे बघा," आणि शर्यतीचा छापून आणलेला फोटो त्याच्या हातात दिला. बानं जन्मभर कुत्री पाळलेली. त्यानं फोटो उन्हात धरला.

"पायात काय ह्यांच्या?"

"मोजे."

"कुत्र्याला?"

"बर्फानं पाय फाटत्यात. म्हणून ड्रायव्हर सवता वाकून घालतो."

बा बराच वेळ माझ्या टाचा फाटलेल्या चपलांकडं बघत राहिला. शेवटी म्हणाला, "संपती कवा ही शर्यत?"

"शेवटची गाडी पोचली की."

"मग संपल्यावर धाडा पोराला."

"शब्द हाय आपला," मामा म्हणाले.

शेवटची गाडी एका बाईची होती. वादळात अडकलेली, पण कुत्री धडधाकट. माझी परीक्षा व्हायला अजून अवकाश होता आणि ती बाई जेवढी रेंगाळेल तेवढं माझं भलं, हे मला कळत होतं. आणि एका सकाळी मी वाचलं की फार मागं पडली म्हणून संयोजकांनी तिला शर्यतीतून काढलं. शर्यत संपली. मामा उभेच राहिले. "काढलं? चालत्या गाडीला? तक्रार वही मागव!" नोकरीभर ज्या वहीला ते भीत आले, ती त्यांना आता अलास्काकडून हवी होती. माझ्या आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पत्र मी त्या दिवशी लिहिलं: पळत येणाऱ्याला मागं टाकून गाडी बंद करणं कोणत्या नियमात बसतं, याचा खुलासा व्हावा. खुलासा आजतागायत आलेला नाही.

त्या संध्याकाळी मामांनी कंदील काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वसाहत हसली. आठवड्यानं बा परत आला. "संपली म्हणं शर्यत."

"कोण म्हणतं?" मामांनी फाटकाकडं बोट केलं. "दिवा जळतोय न्हवं? मग संपली कशी?"

"शब्द दिला व्हता तुमी."

"तोच पाळतोय. शेवटची गाडी अजून रस्त्यात हाय."

बा कंदिलाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. मामी आतूनच म्हणाल्या, "दादा, त्या बाईचं नाव नुसतं सांगायला. जळतंय ते तुमच्या पोरासाठी." बा उठला. जाताना फाटकाशी एवढंच म्हणाला, "रॉकेल कुठनं आणता?" पुढच्या आठवड्यात वैजापूरच्या गाडीतून आमच्या नावानं एक कॅन आला. बानं आपल्या रेशनचं रॉकेल पाठवलं होतं.

आता त्या वसाहतीत नळ आलेत आणि वकीलसाहेबांच्या घराच्या जागी सात मजले उभे आहेत. मामांना नीट दिसत नाही. मार्च आला की फोनवर विचारतात, "मागचा कुठं हाय?" आणि मी जिथं असेन तिथून शोधून सांगतो. पहिला कोण आला ते दोघांनाही माहीत नसतं. त्या वर्षी मात्र परीक्षा देऊन मी उन्हाळाभर गावी कळपामागं होतो आणि निकाल वैजापूरला जाऊन पाहिला. फोन करता आला असता, पण बोलताना मला रडू आलं असतं. म्हणून स्टँडवरच्या बाकड्यावर बसून मामांना पत्र लिहिलं:

"ती. मामा आणि मामी यांस सा. न.

मी पास झालो. इंग्रजीत सुद्धा. शेवटची गाडी पोचली, तेव्हा नियमानं कंदील मी येऊन विझवायचा. पण मामा, तो विझवायचा नाही. धाकटी बारावी झाली. तिला शिकायचंय. बा अजून हो म्हणाला नाही, पण काल त्यानं मी परत आणलेला रॉकेलचा कॅन धुऊन वाळत घातलाय. जूनमध्ये तिला घेऊन येतो. पेटी तीच आहे.

घंटी देऊ नका. मागून एक जण पळत येतंय."