लाली न दिसणारा एक्झिमा

"हा नायटा नाही. एक्झिमा आहे," चिंचवडच्या दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. जुईच्या कोपराच्या खळगीवरून त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं. मग मला म्हणाल्या, "आता तुम्ही फिरवा." हाताला जाड, दाणेदार लागलं.

जुई माझी लेक, चार वर्षांची. आठ महिने आम्ही मेडिकलमधून नायट्याची ट्यूब आणून लावत होतो. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा खाज. मोशीच्या बालवाडीत बाईंनी तिला वेगळं बसवायला सुरुवात केली. "आई, मी घाण आहे का?" असं तिनं विचारलं, तेव्हा चाकणच्या कंपनीत सुट्टी टाकून मी तिला इथं आणलं.

या एक्झिमाचं पूर्ण नाव अटॉपिक डर्माटायटिस. त्वचेत ओलावा टिकत नाही, ती कोरडी पडते आणि खाजते. एकाचा दुसऱ्याला होत नाही. हे शेवटचं वाक्य मी मॅडमकडून दोनदा वदवून घेतलं.

मग आधी कुणालाच कसं कळलं नाही?

बाहेर बाकावर देहूरोडचे एक गॅरेजवाले भाऊ त्यांच्या लेकीला, झोयाला घेऊन बसले होते. गोरीपान पोर, कोपरं लालभडक. "हिचं तर पहिल्याच आठवड्यात कळलं," ते म्हणाले. आजार तोच, जागाही तीच. पण माझी जुई सावळी. तिच्या कोपरावर नुसता राखाडी-जांभळट रंग.

पुढच्या खेपेला मी मॅडमना विचारलंच. त्या म्हणाल्या, "सगळे आधी लाली शोधतात. आम्ही शिकलो त्या पुस्तकांतले फोटोही बहुतेक गोऱ्या त्वचेचे. सावळ्या मुलांचं निदान मग उशिरा होतं. म्हणून वेगवेगळ्या वर्णाच्या मुलांचा आम्ही अभ्यास करतोय. जुईचे फोटो घेऊ? चेहरा आणि नाव येणार नाही."

मी संमतीच्या कागदावर सही केली. दर पंधरा दिवसांनी त्याच उजेडात फोटो. जुई आपणहून बाही वर करायची. घरी अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच क्रीम, आणि स्टेरॉइडचं मलम सांगितलं तेवढंच, तेवढेच दिवस. दोन महिन्यांत खाज बरीच थांबली. खाज होती तिथं आता पांढुरके डाग आहेत. ते जायला वेळ लागेल.

तुमचं लेकरू सावळं असेल, तर लाली दिसायची वाट बघू नका. बोट फिरवून बघा, आणि डॉक्टरांना दाखवा.

'हा आजार पसरत नाही' अशी डॉक्टरांची चिठ्ठी मी बालवाडीत नेली. बाईंनी ती सावकाश वाचली, जुईला हाताला धरून पोरांत बसवलं. मी निघाले तर त्या दारापर्यंत मागं आल्या.

"ताई, माझ्या नातीच्या गुडघ्यामागं असंच काळं हाय. आमी मळ म्हणून रोज घासतोय. लई रडती वो."

"आजपासून घासू नका," मी म्हटलं, आणि मॅडम दवाखान्यात कोणत्या वारी असतात ते लिहून दिलं.