छातीतली कढी

माझ्या नवऱ्याच्या छातीत माझ्या सासूबाई राहायला आल्या, तेव्हा त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पितृपक्षातली दुपार. कर्वेनगरात वीज गेलेली, पंखा बंद, सोसायटीत चिटपाखरू नाही. हे जेवून आडवे झाले आणि यांच्या छातीतून आवाज आला. फुर्रर्र... गुडुप! अंगावर सर्रकन काटा आला. सासूबाई कढी अगदी अश्शीच भुरकायच्या!

"अहो, आत कोण आहे?"

"मीच आहे. झोपू दे." (हे बोलायचे थांबले, तरी आतलं भुरकणं चालूच!)

बिबवेवाडीहून माझ्या नणंदबाई रिक्षा करून धावत आल्या. भावाच्या छातीला कान लावला आणि पांढऱ्याफटक पडल्या. "वहिनी, आईच आहे गं! गच्चीवर पान ठेवलं, तर कावळा नुसता बघून निघून गेला. तृप्त नाहीये ती."

"मग आता काय करायचं, वन्सं?"

"तिला आवडायचं ते घाल. दादाच्या तोंडून पोचेल!"

मग काय! कढी, अळूची भाजी, वडे, खीर. हे "नको नको" म्हणतायत आणि आम्ही "घ्या हो सासूबाई" म्हणत वाढतोय. जितकं घालावं तितकं आतलं भुरकणं वाढे. खिरीच्या दुसऱ्या वाटीला ते एकदम थांबलं. यांचे ओठ निळे पडले, श्वास घेता येईना. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला भूत परवडलं असतं!

हॉस्पिटलात सर्जनबाईंनी फोटो दाखवला. "काकू, पोट आणि छातीमधल्या पडद्याला यांच्या जन्मापासून भोक आहे. आतडी त्यातून वर चढलीत, आवाज त्यांचाच. हृदयसुद्धा उजवीकडे ढकललं गेलंय. लगेच ऑपरेशन करावं लागेल. आज काय खाल्लं?"

"दादानं की आईनं?" वन्संनी विचारलं.

आतडी खाली घेऊन भोक शिवेपर्यंत आम्ही बाहेर देव पाण्यात घालून बसलो. या वयात एवढं ऑपरेशन! मला माझा माणूस परत हवा होता, बाकी काही नको.

सकाळी आत सोडलं. हे डोळे मिटून निपचित. मी छातीला उजवीकडे कान लावला. भुरकणं नाही. धडधडही नाही. काहीच नाही!

"गेले होऽऽ!" मी हंबरडा फोडला. शेजारचा पेशंट ताडकन उठून बसला.

सिस्टर धावत आल्या. "अहो काकू, डावीकडे ऐका! ऑपरेशननंतर हृदय जागेवर आलंय. माणसाचं हृदय डावीकडे असतं, एवढंही माहीत नाही?"

हे डोळे न उघडताच पुटपुटले, "सिस्टर, तिला रागावू नका. निवृत्त होईपर्यंत शाळेत जीवशास्त्र शिकवायची ती!"