इंजिनाच्या नाकात नारळाचं पाणी

तापलेल्या इंजिनाच्या नाकात मी एकदा नारळाचं पाणी ओतलं. नाक म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. हे मला ओतण्याआधी नीट समजावलेलं होतं, त्यामुळे अज्ञानाची सबबही माझ्यापाशी नाही. तेव्हा मी साठीच्या अलीकडे होते, केस काळे होते (डबीतले, पण काळे), आणि अख्ख्या मालवणात माझ्याइतकी शहाणी बाई नाही अशी माझी खात्री होती.

माझी लेक शुभा पुण्यातली नोकरी सोडून आली आणि तिने आमच्या घरापुढच्या खळ्यात गॅरेज काढलं. बाईचं गॅरेज म्हटल्यावर बघायला सगळे यायचे. चहा प्यायचे, "पंक्चर तरी काढूक येता मां गो?" असं विचारायचे आणि आपली गाडी घेऊन दुसरीकडे जायचे. शेवटी बेकरीवाला आग्नेल आला. त्याने आपल्या जुन्या मोटारीला गोव्यात टर्बो बसवून घेतला होता, आणि तेव्हापासून ती चढावावर म्हाताऱ्यासारखी खोकत होती. आग्नेलच्या बेकरीत पावाबरोबर गावच्या बातम्याही ताज्या मिळतात. शुभाने मला सरळ सांगितलं, ही गाडी जमली तर गॅरेज चालेल. नाही जमली तर उद्या पाव घ्यायला गेलेल्या प्रत्येकाला ते कळेल आणि ती पुण्याला परत जाईल. मला लेक इथेच हवी होती. म्हणून मी मदत करायचं ठरवलं. तिथेच सगळं फसलं!

टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं, नाहीतर इंजिन आतून वितळतं. नेमकं किती वाढवायचं ते कळावं म्हणून शुभाने धुराच्या नळीत सेन्सर बसवला होता. तो धुरात उरलेला प्राणवायू हुंगतो आणि स्टिअरिंगजवळच्या डायलवर आकडा दाखवतो. आकडा मोठा तर पेट्रोल कमी, आकडा लहान तर पेट्रोल जास्त. टर्बो जोरात असताना आकडा बाराच्या खाली राहायला हवा. तो बघून शुभा लॅपटॉपवर पेट्रोल कमीजास्त करणार.

"म्हणजे सोलकढी चाखून मीठ घालतत तसा," मी म्हटलं.

"तसाच. फक्त ह्यो नाकान चाखता."

झालं! तेवढ्यावर मला मोटारीची विद्या आली.

सकाळी शुभाने इंजिन चांगलं तापवलं, बंद केलं आणि बॉनेट उघडं ठेवून लॅपटॉप आणायला आत गेली. आता गाडी कामाला निघतेय आणि गाऱ्हाणं नाही, हे मला कसं चालावं? आमच्याकडे होडी पाण्यात लोटताना, पोराला मुंबईला धाडताना देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. मागायचं काम पुरुषांचं. पण लेक गॅरेज काढते तर आईने गाऱ्हाणं का घालू नये? मी नारळ घेतला आणि 'व्हय महाराजा' म्हणायला आमच्या ह्यांना पेपरासकट पायरीवर आणून बसवलं.

"बा देवा महाराजा, चेडवाच्या गाडयेक यश दी."

"व्हय महाराजा," हे पेपरातून म्हणाले.

"बाईमाणसाचा गॅरेज म्हणान जे कोण हसले, त्येंच्यो गाडयो घाटात बंद पाड."

"व्हय महा..." हे थांबले. "अगो, त्यात माझी स्कूटर पण येता."

नारळ फोडला. पाणी चाकावर घालतात हे मला ठाऊक होतं. पण मी शिकलेली बाई! दुखणं नाकात आणि तीर्थ पायावर? मी वाटीभर पाणी थेट सेन्सरवर ओतलं. चर्र झालं, गोडसर वाफ उठली. "देवान ऐकल्यान," मी ह्यांना म्हटलं. (देव भाजला होता, हे नंतर कळलं.)

शुभा आली, बॉनेट मिटलं, आम्ही निघालो. ती चालवणार, मी शेजारी बसून आकडे वाचणार. चढाव लागला. "अठरा," मी म्हटलं. शुभाने घाबरून पाय उचलला, गाडी कडेला घेतली, पेट्रोल वाढवलं. पुन्हा चढाव, पुन्हा अठरा. आणखी पेट्रोल, आणखी अठरा. मागे काळा धूर इतका निघाला की एका रिक्षावाल्याने भरदिवसा दिवे लावले.

"आये, धूर सांगता पेट्रोल जास्त झाला, काटो सांगता कमी पडता. दोघांतलो एक खोटा बोलता."

"धूर खोटा बोलता," मी ठामपणे सांगितलं. सेन्सरला मी स्वतःच्या हाताने तीर्थ दिलं होतं, तो कसा खोटं बोलेल?

आचके खात गाडी परत आली आणि शेजारच्या सुलूवैनींच्या वाळत घातलेल्या आमसुलांपुढे एक जोरकस काळा ढग सोडून बंद पडली. आमसुलं मुळातच काळी, तरी वैनींना फरक कळला. पाना पुरुषाच्याच हातात शोभतो, असं त्या कुंपणावरून सुनावू लागल्या. त्यांच्या घोवाच्या हातात पत्त्यांशिवाय दुसरं काही मी अजून पाहिलं नाही, असं मी ऐकवलं. लेकीची बाजू घेऊन मी इतकी तावातावाने भांडले की गल्ली गोळा झाली, आणि त्या गल्लीच्या मधोमध आग्नेल आपली गाडी न्यायला आला. शुभाचा चेहरा पाहवेना.

आग्नेलने बॉनेट उघडलं आणि नाक वर केलं. "काकी, आज खोबरा करपला काय गो?"

"आज आमच्याकडे साधा वरण-भात. घरात खोबऱ्याचो तुकडो शिजाक नाय," मी सगळ्यांच्या देखत साक्ष दिली. स्वतःच्याच विरुद्ध!

शुभाने सेन्सर काढला, कानाशी हलवला. आत खुळखुळलं. तापलेल्यावर पाणी पडलं की ह्याच्या आतली चिनीमाती तडकते, ती आग्नेलला म्हणाली, आणि मग तडकलेलं नाक भलतेच आकडे सांगतं. मग तिची नजर पायरीवरच्या नारळाच्या दोन भकलांवर गेली. तिथून माझ्यावर.

"व्हय महाराजा," पेपरामागून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून एसटीने नवा सेन्सर आला. मला गाडीत घेतलं नाही. आकडे वाचायला खुद्द आग्नेल बसला. परत आला तो केस उभे आणि दात बाहेर. चढावावर काटा साडेअकराला खिळून राहिला, हे त्याने आधी सुलूवैनींना सांगितलं, मग बेकरीत. आठवड्यात खळ्यात वळायला जागा उरली नाही.

एवढं होऊन मी सुधारावं? पुढची टर्बोची गाडी आली, तशी मी सवयीने नारळ घेऊन खळ्यात उतरले. शुभाने तेलकट हाताने तो माझ्याकडून काढून घेतला आणि म्हणाली, "आये, गाऱ्हाणा घाल, नारळ फोड, पण पाणी माका पिऊक दी. बॉनेटाखाली देव नाय, मी आसंय."