चिंचिलाच्या दाढा

गल्लीत त्यांना सगळे 'कवळीवाले' म्हणत. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे त्यांच्याकडे पाठवत आणि ते प्लॅस्टरच्या जबड्यावर मेण चढवून, एकेक दात बसवून कवळी करून देत. संध्याकाळी घरी येत ते भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरे होऊन. बायको दारातच ओलं फडकं हातात देई. "आधी माणसात या, मग घरात या."

ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल जे बोलायचं ते दोघांचं कधीच बोलून झालं होतं.

एक दिवस तिचा धाकटा भाऊ कमरेएवढा उंच पिंजरा घेऊन दारात उभा राहिला. त्याची दुसऱ्या गावी बदली झाली होती.

"ताई, पंधराच दिवस. घर लागलं की घेऊन जातो."

"आहे काय हे?"

"चिंचिला."

"मला वाटलं, चिंचेचं काही असेल. हा तर उंदीर!"

"उंदीर नाही गं. थंड डोंगरातला प्राणी आहे."

"मग डोंगरातला उंदीर."

पंधरा दिवसांची दोन वर्षं झाली. भावाला घर लागलं, त्याचं लग्न झालं, आणि मग "बाळ येणार आहे, घरात प्राणी नको" असा फोन आला. चिंची कायमची इथली झाली.

राखाडी, गोल कानांची, बाटली घासायच्या ब्रशासारखी शेपटी. केस इतके दाट की पाणी लागलं तर आत वाळतच नाही, म्हणून ती बारीक भुकटीत लोळून अंघोळ करायची. "एक पांढरा होऊन घरी येतो, दुसरी घरात बसून पांढरी होते," बायको म्हणे. "एकाच माळेचे मणी." उकाडा तर चिंचीला मुळीच सोसत नसे. फ्रीजमधल्या भाजीच्या कप्प्यात फरशीचा एक तुकडा कायमचा जाऊन बसला. तो गार करून पिंजऱ्यात ठेवला की ती त्यावर पोट टेकून पसरायची. 'मला नाही बाई लळा लागत' म्हणणाऱ्या बायकोनेच उरलेल्या पडद्याच्या कापडाचा झोका शिवून आत टांगला होता.

थंडी सुरू होता होता कवळीवाल्यांच्या लक्षात आलं, वाळकं गवत उरतंय. चिंची काडी पुढच्या पायांत धरायची, फिरवायची, तोंडाशी न्यायची आणि खाली ठेवायची. पुन्हा दुसरी काडी. हनुवटीखालचे केस ओले होते. त्यांनी तिला मांडीवर घेऊन जबड्याच्या खालून बोट फिरवलं. हाडावर बारीक उंचवटे लागले. आयुष्यभर जबडे हाताळलेलं बोट ते; तिथेच थांबलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"दाढा," ते एवढंच म्हणाले.

जवळच्या जनावरांच्या डॉक्टरने हात वर केले. कुत्रं-मांजर असतं तर बघितलं असतं, म्हणाला. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला अशा छोट्या प्राण्यांना बघणारी एक तरुण डॉक्टर आहे असं कळलं. तिने एक्स-रे काढून उजेडासमोर धरला.

"काका, यांचे दात जन्मभर वाढतात. खाताना झिजत राहिले तर ठीक. हिचे झिजले नाहीत, आणि आता मुळंही वाढलीत. खालची जबड्याच्या हाडात शिरलीत, वरची डोळ्यांकडे चाललीत."

तिने सांगण्याआधीच त्यांना ते दिसलं होतं. रोज जबडेच बघणारा माणूस. सगळं कळत होतं आणि कळून उपयोग शून्य.

"काढून टाकता नाही येणार?"

"इतक्या लहान जबड्यात? हाड मोडेल."

"मग..." ते जरा चाचरले. "कवळीसारखं काही?"

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच लाजल्यासारखं झालं. पण डॉक्टर हसली नाही. "वरचं टोक घासून देते मी. भूल द्यावी लागेल. थोडे दिवस बरं वाटेल. मुळांचं मात्र माझ्या हातात काही नाही."

खरंच बरं वाटलं. चिंची खायला लागली, झोक्यात चढली. बायकोने भावाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, अजून आहे ती? भाऊजींची कमाल आहे!" तिने फोन आदळला.

काही आठवड्यांत हनुवटी पुन्हा ओली झाली. पुन्हा भूल, पुन्हा घासणं. या खेपेला आराम लवकर संपला. मग भिजवलेल्या गवताचा लगदा पिचकारीने तोंडात घालायची पाळी आली. पिचकारीचं टोक टोचतं म्हणून कवळीवाल्यांनी आपल्या दुकानात गुलाबी प्लॅस्टिकची एक गुळगुळीत तोटी घडवली. हिरड्यांसाठी वापरतात तेच प्लॅस्टिक. बायको टॉवेलात गुंडाळून धरायची, ते थेंब थेंब सोडायचे. अर्धं पोटात जाई, अर्धं टॉवेलवर. चिंचीच्या एका डोळ्यातून सतत पाणी गळायचं. ती आवाज करत नसे. ओरडली असती तर निदान तिच्यावर रागावता तरी आलं असतं.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरने वजन बघितलं आणि भुलीला नकार दिला. "काका, आता तिला कायमचं झोपवणं बरं. तुम्ही ठरवा."

"उद्या येतो," ते म्हणाले.

उद्या आलाच नाही. एक दिवस बायकोला शिलाईची घाई होती, एक दिवस त्यांचं डोकं दुखत होतं. शेवटी सोमवार पक्का झाला. आणि रविवारी सकाळी चिंचीने गवताची एक कोवळी काडी खरोखर चावून खाल्ली.

"अगं, ये, बघ, बघ!" ते ओरडले. बायको हातातली कात्री तशीच घेऊन धावत आली. दोघं पिंजऱ्यासमोर उकिडवे बसून राहिले. दुसरी काडी तिने खाल्ली नाही, पण सोमवारी फोन करून त्यांनी नको म्हणून कळवलं.

बुधवारी दुपारी शिवण घ्यायला बायको घरी आली. चिंची फरशीच्या तुकड्यावर कुशीवर पडलेली होती. पाय अजून कोमट होते. तिने नवऱ्याला दुकानात फोन केला तेव्हा त्यांच्या हातात वितळलेलं मेण होतं. ते थंड होऊन बोटांना चिकटलं तरी ते फोन धरून उभेच होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या घराला कुठली माती? बागेतल्या रखवालदाराने, इथे खणायचं नाही म्हणून हाकललं. शेवटी बुटांचं खोकं मांडीवर घेऊन दोघं बसने डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने खोकं दोन्ही हातांनी घेतलं आणि आत नेलं.

बाहेरच्या टपरीवर दोघं चहा घेऊन बसली.

"सोमवारी नेलं असतं तर दोन दिवसांचे हाल तरी वाचले असते," ते म्हणाले.

"आणि नेलं असतं तर आज म्हणाला असतात, ती तर खायला लागली होती." बायकोने पदराने नाक पुसलं. "तुमचं काही ना काही चुकणारच होतं हो. माझंही."

त्यांनी मान हलवली, पण पटलं म्हणून हलवली की नुसतीच, ते तिला कळलं नाही. चहावर साय आली. दुकानात एक आजोबा कवळी न्यायला येणार होते. दोन आठवडे बिचारे नुसतं पातळ खात होते. कवळीवाले उठले आणि बस बघायला लागले.