कडूबाचा कोरम

बसण्याआधी जागा उपरण्यानं झटकायची. वांगं तोडताना 'ये बाबा' म्हणायचं. भाव सांगताना भलतीकडे पाहायचं. आणि घरचं शेवटचं माणूस आल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. "कोरम भरू द्या," कडूबा म्हणायचा. त्याची बायको रुखमाबाई कपाळाला हात लावायची.

हा शब्द त्यानं ग्रामपंचायतीतून घरी आणला होता. राज्य नवं, पंचायत नवी, आणि भाजी पिकवणारा कडूबा माळीपुऱ्याचा मेंबर. पुऱ्यात विहीर नव्हती. बाया नदीवरून पाणी आणत. विहिरीचा ठराव आला की विरोधी गटाचे मेंबर गुलाबराव आणि त्यांची माणसं सभेला येतच नसत. कोरम भरेना, सभा तहकूब.

कडूबानं शेजारच्या शालिग्रामला गाठलं. "शालिग्राम, तू बी.ए. झाला. कोरम म्हंजे काय बे?"

"लॅटिन शब्द आहे, कडूभाऊ. 'ज्यांच्यापैकी'. इंग्रजांचा राजा जुन्या हुकमात लिहायचा, ज्यांच्यापैकी तुम्ही एक असावं अशी आमची इच्छा आहे. मग सभेला लागणाऱ्या माणसांनाच कोरम म्हणू लागले."

"मंग गुलाबरावले असं कोनं म्हनलं?"



पुढच्या सभेला सेक्रेटरीनं नियम सांगितला. तहकूब सभेला कोरम लागत नाही. हजर आहेत तेवढ्यांनी ठराव करावा. सरपंच अर्जुनराव हसले. "मांड कडूबा, आज तुह्यी विहीर झाली समज."

कडूबा उठला. टोपी नीट केली. "पुढच्या सभेत मांडतो," म्हणाला आणि बाहेर पडला.

दारात बसलेला शालिग्राम मागं धावला. "डोकं फिरलं का, भाऊ? वहिनी नदीवरून हंडे आणते!"

"हाव. आन् उद्या ते म्हनतील, आमच्या माघारी पास केलं. खोदू देतील का?"

"मग काय करणार?"

"घरोघरी जातो. या म्हनतो."

"ते हसतील."

"हसू दे. हसाले तरी येतीन."

तो खरंच फिरला. गुलाबरावांच्या गटातले उकंडराव तर चहा पाजून 'येतो' म्हणाले. हे कसं झालं, शालिग्रामला कळेना. राहिले फक्त गुलाबराव. त्यांच्याकडे सकाळी जायचं ठरलं.

सकाळी कडूबा मळ्यात पाणी धरायला गेला आणि बांधावर बसल्या बसल्या त्याचा जीव गेला.

शालिग्रामला रडूही येईना. पुऱ्यातल्या बाया त्यालाच विचारत होत्या, आता विहिरीचं काय? ठराव मांडला असता तर झाली असती का? की कडूबाचं बरोबर होतं? त्याला काहीच ठरवता येईना. गुलाबरावांच्या घरी जायचं तेवढं राहून गेलं होतं. शालिग्राम तिकडं निघाला.